एक डिझेल इंजिन नागपुरात चालते ठेवा : रेल्वे बोर्डास खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, रेल्वे बोर्ड, नवी दिल्ली
माननीय महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई
माननीय महाव्यवस्थापक, दक्षिण पूर्व मध्य रेल्वे, बिलासपूर
माननीय विभागीय रेल्वे व्यवस्थापक, नागपूर (दोन्ही विभाग)

विषय : सेवेतून काढल्या जाणाऱ्या, मूळ अमेरिकन बनावटीच्या आल्को जातीच्या डिझेल इंजिनांपैकी एक इंजिन, त्याच्या सुट्या भागांसह आणि कागदपत्रांसह, नागपुरात सुरू होण्याच्या स्थितीत जतन करण्याबाबत.

महोदय,

मी एका डिझेल शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, म्हणून लागलो, फिटर झालो आणि चौतीस वर्षांनी वरिष्ठ सेक्शन इंजिनीअर म्हणून निवृत्त झालो. आता अजनीत राहतो. पहाटे गच्चीवर गेलो की विद्युत इंजिनांचे भोंगे ऐकू येतात, आणि बारा हजार अश्वशक्तीचे इंजिन कोळशाचा रेक घेऊन निघाले तरी घराच्या काचा थरथरत नाहीत. हे चांगलेच झाले असे मी मानतो, आणि ते आरंभीच नोंदवून ठेवतो, कारण डिझेलबद्दल कळकळीने बोलणारा माणूस विजेच्या विरोधात असणार असे हल्ली गृहीत धरले जाते. ज्याने तीस-बत्तीस उन्हाळे नागपूरच्या बाजूच्या तापमानात इंजिनरूममध्ये काढले आहेत, ज्याच्या घरच्यांनी त्याचे कपडे कायम वेगळ्या बादलीत भिजवले आहेत, त्याला डिझेलच्या धुराचे कौतुक कोणी सांगू नये.

देशाच्या ब्रॉडगेज मार्गांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक मार्ग आता विद्युतीकृत झाले आहेत. मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला ही पहिली विद्युत गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली. तिला शंभर वर्षे पूर्ण होता होता हे काम शेवटाला आले आहे. आमच्या नागपूरवरून जाणारे दोन्ही मुख्य मार्ग तर नव्वदच्या दशकाच्या आरंभीच तारेखाली आले होते. त्याआधी तमिळनाडू एक्स्प्रेस काय, जी. टी. एक्स्प्रेस काय, सगळ्या डिझेलवर जात, आणि इटारसीच्या बाजूला धाराखोह-मरामझिरीच्या घाटात मालगाडीला मागून ढकलायला बँकर इंजिने लागत. तेव्हा डिझेल इंजिने मोठ्या संख्येने सेवेतून जाणार, यात तक्रारीसारखे काही नाही. ती जाताना काय काय घेऊन जातात, आणि आपण ते कसे जाऊ देतो, एवढ्यापुरतेच हे पत्र आहे.

ज्या वाचकांना ही प्रक्रिया माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिझेल इंजिनाचे कागदोपत्री आयुष्य ३६ वर्षांचे धरलेले आहे. ते संपले, किंवा त्याआधीच इंजिन गरजेपेक्षा जास्त ठरले, की अधिकाऱ्यांची समिती पाहणी करते आणि इंजिन कंडेम होते, म्हणजे कायमचे सेवेबाहेर ठरते. कामाचे भाग काढून घेतले जातात, उरलेले धूड भांडार विभागाकडे जाते, ई-लिलाव होतो आणि ज्याची बोली वरची त्याची माणसे गॅस कटर घेऊन येतात. यात गैर काही नाही. भंगाराच्या विक्रीतून रेल्वेला २०२०-२१ या एका वर्षात ४,५०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न झाले, आणि तो पैसा रेल्वेचा, म्हणजे आपल्या सर्वांचाच आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आमच्या शेडच्या मागच्या रुळावर एक आल्को जातीचे डब्ल्यूडीएम-३ए इंजिन कापले गेले. त्याचे दोन मोठे ओव्हरहॉल माझ्या डोळ्यांदेखत झाले होते, त्यातल्या एकात तर रात्रपाळीला मीच होतो. कंत्राटदाराच्या माणसांनी आधी टाकीतले उरलेसुरले डिझेल पिंपात काढले, बॅटऱ्या उतरवल्या, आणि मग लाँग हूडचे दरवाजे कापायला घेतले. जळक्या रंगाचा वास शेडभर पसरला. कापलेल्या पत्र्याची कड मी हातात घेऊन पाहिली : वर निळा रंग, त्याखाली नारिंगी, त्याखाली दाट मरून, आणि तळाशी लालसर प्रायमर. कोणता थर कोणत्या साली चढला, तेव्हा शेडला साहेब कोण होते, पेंटर कोण होता, हे मी सांगू शकलो असतो, पण विचारणारे कोणी नव्हते. क्रँकशाफ्ट कापायला सर्वांत जास्त वेळ लागला. त्या पोरांनी तिला दोन शिव्याही दिल्या. मला बरे वाटले, हे कबूल करतो.

मी कंत्राटदाराच्या मुकादमाकडे बांधणीची पाटी मागितली, ती पितळी पाटी, जिच्यावर डीरेका (डिझेल इंजिन कारखाना), वाराणसी असे आणि बांधणीचे साल असते. त्याने दिली नाही, आणि त्याचे बरोबरच होते. लिलावात गेलेल्या मालातला एक बोल्टसुद्धा कोणी उचलू नये, हा धडा मी स्वतः नव्या खलाशांना दिलेला आहे. परंतु त्याच आठवड्यात त्या इंजिनाची इतिहासवही रद्दीच्या पोत्यातून गेली, आणि ती काही लिलावातला माल नव्हती. उजव्या बाजूचे चौथ्या क्रमांकाचे सिलिंडर हेड पाणी गळते म्हणून कधी बदलले, टर्बो कोणत्या गाडीवर बंद पडला, कोणत्या पावसाळ्यात चाके फिरवणारी कोणती ट्रॅक्शन मोटर पाणी लागून जळाली, हे सगळे त्या वहीत निळ्या शाईने, चार-पाच पिढ्यांच्या हस्ताक्षरांत लिहिलेले होते. लोखंडाला भाव मिळाला. वहीला काय मिळाले असेल ते आपणच हिशेब करून पाहावे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. या कंपनीची इंजिने आपण १९५७-५८ मध्ये आणली, त्यानंतर १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ हा वर्ग आला, आणि वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात जुळवलेले पहिले इंजिन ३ जानेवारी १९६४ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती, वजन ११२ टनांच्या वर, टाकीत पाच हजार लिटर डिझेल. या एका वर्गाची अडीच हजारांहून अधिक इंजिने बांधली गेली. मूळ आल्को कंपनी मात्र १९६९ मध्येच बंद पडली. म्हणजे ज्या इंजिनाला जन्मदात्याने सोडले ते पुढची चार दशके वाराणसीत बांधले गेले, आपल्या शेडमध्ये सुधारले गेले, पतियाळ्याच्या कारखान्यात पुन्हा उभे केले गेले, आणि त्याच सोळा सिलिंडरांतून आपल्या लोकांनी २,६०० ची ३,१०० अश्वशक्ती काढली. त्याला अमेरिकन म्हणायचे तर आमच्या शेडमधल्या मिसळीतल्या पावालाही पोर्तुगीज म्हणावे लागेल.

अशा इंजिनाचे जतन करायचे म्हणजे काय करायचे, याबद्दल आपल्याकडे एक ठरलेली कल्पना आहे. स्थानकासमोर किंवा कार्यालयासमोर एक चबुतरा बांधायचा, रुळाचे दोन तुकडे टाकायचे, त्यावर इंजिन क्रेनने ठेवायचे, चकचकीत रंग द्यायचा, फीत कापायची. वाफेच्या इंजिनाच्या बाबतीत ही पद्धत एक वेळ चालून जाते. त्याचे दट्टे, कनेक्टिंग रॉड, चाके, सगळे बाहेरच असते. मूल त्याच्यासमोर उभे राहिले तरी ते कसे चालत असेल याचा अंदाज बांधू शकते. डिझेल इंजिन बाहेरून एक रंगवलेली पेटी आहे. त्याचे जे काही आहे ते हूडच्या दारांमागे आहे, आणि ते पाहायचे तर ते चालले पाहिजे.

एका स्थानकाच्या आवारात असे ठेवलेले एक डिझेल इंजिन मी काही वर्षांपूर्वी पाहिले. रंग उत्तम होता. शिडीवरून वर चढून बाजूच्या जाळीतून आत डोकावलो तर पॉवर पॅक नव्हताच. इंजिन आणि जनरेटर दोन्ही काढून घेतलेले, तळाला काळे तेलकट पाणी, आणि कबुतरांची दोन-तीन कुटुंबे. धुराड्याच्या तोंडावर झाकण नव्हते. खाली फलकावर त्याची अश्वशक्ती लिहिलेली होती. शेजारी एक बाबा आपल्या नातवाला सांगत होते, "हे सुरू केलं ना, तर अख्खं स्टेशन हलेल." मी काही बोललो नाही.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. आल्को जातीचे एक ब्रॉडगेज इंजिन, शक्य झाल्यास मूळ डब्ल्यूडीएम-२ आणि ते न उरल्यास डब्ल्यूडीएम-३ए, त्याच्या पॉवर पॅकसह, सहाही ट्रॅक्शन मोटरींसह, सुरू होण्याच्या स्थितीत नागपूरला द्यावे; त्याच वर्गाचे दुसरे एक कंडेम झालेले इंजिन लिलावात न काढता त्याच्या सुट्या भागांसाठी राखून ठेवावे; आणि पहिल्या इंजिनाची इतिहासवही, ती जिथे असेल तिथून, त्याच्यासोबत पाठवावी. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात या वर्गाचे सुरुवातीचे इंजिन जतन केलेले आहे, हे मला माहीत आहे. परंतु पाहण्यासाठी ठेवलेले इंजिन आणि दर महिन्याला सुरू होणारे इंजिन यांत जो फरक आहे त्याच्याचसाठी तर हा पत्रप्रपंच आहे. वाफेच्या बाबतीत हे आपण केलेलेच आहे : १८५५ साली बांधलेली फेअरी क्वीन १९९७ मध्ये पुन्हा रुळावर आली, आणि रेवाडीच्या शेडमध्ये वाफेची इंजिने आजही पेटवली जातात. ती चालतात, कारण वेळेत कोणीतरी त्यांचे भाग आणि त्यांची माणसे दोन्ही जपली.

डिझेलच्या बाबतीत तो वेळ आत्ता आहे, पाच-सात वर्षांनी नसेल. सिलिंडर हेड, लायनर, पिस्टन, फ्युएल पंप, इंजेक्टर, गव्हर्नर, टर्बो, कॉम्प्रेसर, काँटॅक्टर, कार्बन ब्रश, ही यादी लांबवण्यात अर्थ नाही. शेडमधल्या कोणाही भांडारपालाला ती पाठ आहे. हे भाग आज शेडच्या रॅकवर आहेत. शेडचे रूपांतर विद्युत शेडमध्ये झाले, की त्या रॅकची जागा दुसऱ्या मालाला लागते, आणि मग कागदावर "अनावश्यक साठा" असे लिहिले जाते. त्या दोन शब्दांनंतर काय होते ते वर सांगितलेच आहे.

माणसांचे तर त्याहून अवघड आहे. बरेच दिवस बंद उभे असलेले आल्को सुरू कसे करतात, ते सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल. थेट स्टार्टचे बटण दाबायचे नसते. कूलिंगचे पाणी कुठून झिरपून एखाद्या सिलिंडरमध्ये उतरले असेल, तर ते पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग एका बटणापायी लाखांचे काम निघते. म्हणून आधी सगळ्या सिलिंडरांचे टेस्ट कॉक, म्हणजे तपासणीच्या तोट्या, उघडायचे आणि दांडा लावून इंजिन हाताने फिरवायचे. याला आम्ही बारिंग म्हणतो. दोन माणसे दांड्यावर, तिसरा कॉकांकडे डोळे लावून. कॉकमधून नुसती हवा फुसफुसली तर ठीक. पाण्याचा एक थेंब जरी उडाला, तर सगळे थांबवून तो सिलिंडर उघडायचा. पूर्ण दोन फेरे झाले, कॉक बंद झाले, तेलाची पातळी पाहिली, की मग बॅटरीवर क्रँक करायचे. बॅटरी जनरेटरलाच मोटरसारखे फिरवते, जनरेटर इंजिनाला फिरवतो, आणि पाच-सात सेकंद नुसतीच धापा टाकल्यासारखी घुमघुम चालते. मग एक सिलिंडर पेट घेतो, मग तीन, मग सगळे, आणि ते मिनिटाला ४०० फेऱ्यांवर येऊन ठेका धरते. तो ठेका सरळ नसतो, जरा लंगडा असतो. आल्को ओळखू येते ते त्या लंगडण्यावरून. कोणता सिलिंडर नीट पेटत नाही हे मला फ्युएल पाइपवर बोट ठेवून कळत असे. हे कोणत्याही पुस्तिकेत नाही, आणि पुस्तिका वाचून येतही नाही. माझ्या उस्तादांनी माझे बोट धरून त्या पाइपवर ठेवले होते. मी पुढे ज्यांची बोटे धरली, त्यांच्यातले निम्मे आता निवृत्त आहेत आणि उरलेले विद्युत इंजिनांच्या प्रशिक्षणाला गेले आहेत.

निवृत्त होणाऱ्या सगळ्याच इंजिनांबद्दल मला सारखीच कळकळ नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्याचे आयुष्य खरोखर संपले ते कापावे. परंतु ज्यांचे अर्धे आयुष्य शिल्लक आहे, त्यांचा वेगळा विचार व्हायला हवा, आणि तो काही प्रमाणात होतोही आहे. वापरात असलेली डिझेल इंजिने आपण बांगलादेशाला दिली, २०२० मध्ये दहा आणि २०२३ मध्ये वीस. मालगाडीची दोन डब्ल्यूडीजी-३ए डिझेल इंजिने जोडून दहा हजार अश्वशक्तीचे एक विद्युत इंजिन करण्याचा प्रयोग वाराणसीत झाला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला हिरवा झेंडाही दाखवला गेला. तो मोठ्या संख्येने पुढे गेला नाही, पण तो करून पाहिला याचे श्रेय द्यायलाच हवे. २०२५ मध्ये बिहारमधील मढौऱ्याहून नवी डिझेल इंजिने आफ्रिकेतील गिनीला जाऊ लागली, म्हणजे जगात डिझेलला अजून गिऱ्हाईक आहे.

आणि विदर्भात तर घरीच गिऱ्हाईक आहे. कोळशाच्या सायडिंगमध्ये जिथे वरून हॉपरमधून किंवा लोडरच्या बकेटने माल भरला जातो, जिथे वॅगन टिपलरवर अख्खी वाघीण, म्हणजे मालडबा, उलटी होते, तिथे डोक्यावर २५ हजार व्होल्टची तार ओढता येत नाही. तिथे शेवटचे काहीशे मीटर डिझेललाच जावे लागते आणि पुढेही जावे लागेल. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर या वीज केंद्रांना आणि आसपासच्या खाणींना शंटिंगचे इंजिन लागतेच. ते नवे विकत घेण्याऐवजी शेडमध्ये उभ्या असलेल्या चांगल्या इंजिनांचा विचार आधी व्हावा, एवढे सुचवून हा विषय इथे सोडतो. अपघात मदत गाड्यांसाठी आणि वीज गेल्यावर अडकलेल्या गाड्या ओढण्यासाठीही काही इंजिने हाताशी ठेवावीच लागतील. जुलै २०१२ मध्ये उत्तरेचे ग्रीड लागोपाठ दोन दिवस कोसळले, तेव्हा मधल्या रानात थांबलेल्या गाड्यांकडे कोणती इंजिने धावली होती, हे आपल्या कार्यालयांना सांगण्याची गरज नाही.

मग नागपूरच का, असे विचारले जाईल. झिरो माइल आमच्याकडे आहे हे उत्तर मी देणार नाही, ते प्रत्येक बाबतीत देऊन झालेले आहे. नागपूरकडे मोतीबाग आहे. कडबी चौकाजवळचे ते नॅरोगेज संग्रहालय डिसेंबर २००२ मध्ये उघडले, आणि एका पिढीतल्या नागपूरकर मुलांनी जवळून पाहिलेले पहिले इंजिन तिथलेच आहे. शेजारी मोतीबागेचा जुना कारखाना आहे, जिथे सातपुड्याच्या नॅरोगेजची सगळी दुरुस्ती होत असे. अजनीला विद्युत इंजिनांचे मोठे शेड आहे, बारा हजार अश्वशक्तीच्या इंजिनांचा देखभाल डेपो आहे. क्रेन आहे, इंजिनाखाली उतरून काम करायचे पिट आहेत, वेल्डर आहेत. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे, आयटीआय आहे, आणि ज्या मुलांनी आजवर सोळा सिलिंडरचे इंजिन फळ्यावरच पाहिले त्यांना ते चालताना दाखवता येईल. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही नागपुरातच आहे. रुळावरून घसरलेल्या इंजिनातून चालकाला बाहेर कसे काढायचे, याचा सराव त्यांना खऱ्या इंजिनावर करता आला तर बरे. भाग काढून घेतल्यावर जो सांगाडा उरेल, तो कापण्याआधी सहा महिने त्यांना दिला तर कोणाचे काही जाणार नाही.

नॅरोगेजच्या डिझेल इंजिनांबद्दल एक पोटमागणी आहे. इतवारी ते नागभीड ही आमची शेवटची नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबली. इतवारी स्थानकाचे नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शन झाले आहे, पण आम्ही अजून इतवारीच म्हणतो, याबद्दल क्षमस्व. त्या गाडीला चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलेली छोटी झेडडीएम इंजिने लागत. मूर्तिजापूरच्या शकुंतला या नॅरोगेज गाडीचे मँचेस्टरमध्ये बांधलेले वाफेचे इंजिन एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा तिथेही डिझेल आले. यवतमाळ-अचलपूरकडे शकुंतलेची आठवण कोणाला विचारा, तो वाफेच्या इंजिनाची सांगेल. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे तीच गाडी डिझेलने ओढली, याची आठवण सहसा निघत नाही. मोतीबागेत जे नॅरोगेज डिझेल उभे आहे किंवा जे अजून आणता येण्यासारखे आहे, त्यातले एक तरी सुरू होण्याच्या स्थितीत आणावे. हे काम ब्रॉडगेजच्या मानाने फारच लहान आहे.

जागेबद्दल माझे मत विचाराल तर ते मोतीबागेच्या बाजूने आहे. अजनीत पिट आहेत, पण चालू कामाचा इतका ताण आहे की महिन्यातून एकदा सुरू करायचे इंजिन तिथे दर महिन्याला "पुढच्या आठवड्यात" ढकलले जाईल. शेडमध्ये आयुष्य काढल्यामुळे मला हे ठाऊक आहे. मोतीबागेच्या आवारात छप्पर असलेली एक ब्रॉडगेज लाइन, वाहनांच्या रहदारीपासून दूर, आणि तारेखाली नसलेली, एवढे पुरेल. माणसे अजनीहून महिन्यातले दोन दिवस यावीत. इथे अडचण अशी की अजनी मध्य रेल्वेची आणि मोतीबाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची. दोन नागपूर विभाग एकाच गावात नांदतात, त्यांचे अधिकारी एकाच क्लबात चहा घेतात, पण फायली मात्र एकमेकींना मुंबई आणि बिलासपूरमार्गे भेटतात. म्हणूनच हे पत्र दोन्ही महाव्यवस्थापकांना एकत्र लिहिले आहे, आणि म्हणूनच वर रेल्वे बोर्डाचे नाव आहे.

खर्चाचा आक्षेप येणार. इंजिन रेल्वेचे, भाग रेल्वेचे, जागा रेल्वेची. छप्पर, बॅटरी चार्जर, वर्षाला काही पिंपे तेल आणि दर महिन्याला अर्धा तास इंजिन चालेल एवढे डिझेल, हा खरा खर्च. एका इंजिनाच्या भंगाराची किंमत तेवढी बुडेल, हे खरे आहे, आणि ती बुडू द्यावी अशी माझी उघड विनंती आहे. प्रदूषणाचा आक्षेपही येणार, आणि त्यात तथ्य आहे. थंड आल्को सुरू होताना काळा धूर ओकते आणि नॉच, म्हणजे वेग वाढवायच्या दांड्याचा टप्पा, एकदम वाढवला तर आणखी ओकते. म्हणून महिन्यातून एकदाच, वाऱ्याची दिशा पाहून, आणि रिकाम्याच नॉचवर. आठव्या नॉचवर मिनिटाला हजार फेरे घेणारे आल्को ऐकण्याची माझी इच्छा आहे, पण ती मी आवरून धरीन.

देखभालीसाठी निवृत्त माणसांची यादी मी करून ठेवली आहे. नागपूर, बडनेरा, वर्धा आणि इटारसी मिळून आम्ही अकरा जण आहोत. दोन फिटर, तीन इलेक्ट्रिशियन, एक फ्युएल पंपाचा माणूस, बाकीचे सुपरवायझर आणि दोन चालक. कोणी मानधन मागणार नाही. फक्त ओळखपत्र आणि गेटवर अडवू नये एवढी चिठ्ठी लागेल. आमच्यात सर्वांत तरुण एकसष्ट वर्षांचा आहे, आणि दांडा त्याच्याच हाती देऊ.

आपण या विनंतीचा विचार केलात तर उत्तरात इंजिनाचा क्रमांक आणि ते सध्या ज्या शेडमध्ये उभे आहे त्याचे नाव कळवावे. ते आम्ही आधी जाऊन पाहू, कारण कागदावर "चालू स्थितीत" असे लिहिलेली इंजिने आम्ही बरीच पाहिली आहेत. इंजिन नागपुरात आले आणि सुरू करण्याचा दिवस ठरला, की तो निदान दोन दिवस आधी सांगावा. बॅटऱ्या चार्ज व्हायला तेवढा वेळ लागतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त वरिष्ठ सेक्शन इंजिनीअर (डिझेल)
अजनी, नागपूर